लाज गेली तर मी पुन्हा घसरेन का?

एका वाचकाचे पत्र आले आहे. ते बरेच मोठे असल्यामुळे त्यातला आवश्यक तेवढाच भाग येथे देत आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

"मी छत्तीस वर्षांचा आहे. नऊ वर्षे हेरॉइनच्या व्यसनात होतो. आता चौदा महिने झाले, नशा केलेली नाही. डॉक्टरांनी ब्यूप्रेनॉर्फिन सुरू केले आहे आणि ते मी नियमित घेतो. सध्या बहिणीकडे राहतो. त्या काळात तिच्या बचतीतले पैसे मी खोटे बोलून काढून घेतले होते. ती त्याबद्दल आता एक अक्षरही बोलत नाही. घरात कोणाची वस्तू सापडेनाशी झाली, की कोणी काही विचारण्याआधीच मी माझे खिसे उलटे करून दाखवतो. पूर्वीच्या एका सहकाऱ्याने दोन महिन्यांपूर्वी कामाबद्दल निरोप पाठवला. त्याला उत्तर द्यायला हात उचलत नाही. तो ज्याला ओळखत होता, तो माणूस आता उरलेला नाही. आतून मी गर्दुल्लाच आहे, फक्त सध्या नशा करत नाही, एवढेच. औषध घ्यावे लागते, म्हणजे सुटलो असेही म्हणता येत नाही, म्हणून तेही बंद करावे असे वाटते. कधी कधी वाटते, मी नसतो तर बहिणीचे ओझे तरी उतरले असते. समुपदेशक म्हणतात, स्वतःला माफ करा. पण मला त्याचीच भीती वाटते. ही लाज माझी पहारेकरी आहे. ती गेली तर मी पुन्हा घसरेन. तुम्हाला काय वाटते?"

प्रिय वाचक,

तुमच्या मुख्य प्रश्नाकडे वळण्याआधी पत्रातल्या दोन वाक्यांपाशी थांबणे मला आवश्यक वाटते, कारण ती तुम्ही जाता जाता लिहिली आहेत आणि दोन्हींचा संबंध थेट तुमच्या जिवाशी आहे. 'मी नसतो तर' हा विचार अधूनमधून मनाला शिवून जातो की दिवसेंदिवस मुक्काम करून राहतो, आणि तो आला की त्यासोबत एखादा बेतही मनात येतो का, हे पत्रावरून मला कळू शकत नाही. म्हणून ही गोष्ट आजच कोणा एकाला समोरासमोर सांगा. बहिणीला सांगा किंवा औषध देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. बेत मनात येत असेल, तर पुढच्या भेटीच्या तारखेची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा आणि तोवर एकटे राहू नका.

दुसरे वाक्य औषधाबद्दलचे आहे. ब्यूप्रेनॉर्फिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. मेंदूतल्या ज्या ग्राहींवर (रिसेप्टर्सवर) हेरॉइन काम करते त्यांच्यावरच हे औषध जाऊन बसते, परंतु त्यांना अर्धवटच उत्तेजित करते, आणि त्यामुळे तलफ व शारीरिक त्रास आटोक्यात राहून माणसाला दिवसाची कामे करता येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये मेथाडोन या अशाच उपयोगाच्या औषधाबरोबर याचाही अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. हा उपचार चालू असताना मृत्यूचा धोका बराच कमी राहतो, आणि तो थांबवल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत धोका पुन्हा वाढतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. शरीराला एखाद्या औषधाची सवय असणे आणि व्यसन असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपले आणि आपल्या माणसांचे नुकसान डोळ्यांसमोर होत असतानाही थांबता न येणे, हे व्यसनाचे लक्षण आहे. ठरलेल्या वेळी, ठरलेले औषध, ठरलेल्या मात्रेत चौदा महिने घेणे हे त्याच्या अगदी विरुद्ध टोकाचे वागणे आहे. मात्रा कधी आणि कशी कमी करायची, हे डॉक्टरांबरोबर बसून ठरवता येते. तो निर्णय लाजेच्या हाती देऊ नका.

आता तुमचा प्रश्न. लाज तुमचे रक्षण करते, असे तुम्ही मानता. मला तसे वाटत नाही, आणि हे मी तुम्हाला बरे वाटावे म्हणून म्हणत नाही. ज्याला तुम्ही पहारेकरी समजत आहात, तो पहारा तर देतोच आहे, पण तो बाहेरून येणाऱ्याला अडवत नाही. तुम्हाला बाहेर पडू देत नाही.

ही लाज कोठून आली, ते आधी पाहू. समाजशास्त्रज्ञ ब्रूस लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मानसिक आजारांच्या संदर्भात एक विचार मांडला, जो व्यसनालाही तितकाच लागू पडतो: माणसावर शिक्का बसण्याच्या कितीतरी आधी, तो लहानपणापासून ऐकत आलेला असतो की असा शिक्का बसलेल्यांना समाज कसे वागवतो. नशा करणारा माणूस खोटारडा असतो, त्याला घरात घेऊ नये, त्याच्यावर विसंबू नये, तो सुधारत नाही, हे सर्व तुम्ही नशेला हात लावण्यापूर्वीच शिकलेला होता, आणि कदाचित इतरांबद्दल तसे बोललाही असाल. जागतिक आरोग्य संघटनेसाठी चौदा देशांत केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अनेक आजार व अवस्थांपैकी सर्वाधिक सामाजिक नापसंती अमली पदार्थांच्या व्यसनाच्या वाट्याला आल्याचे आढळले. म्हणजे लोकांच्या नजरेतला तिरस्कार ही तुमची कल्पना नाही. तो जगभर आहे आणि खरा आहे.

परंतु तिरस्कार बाहेर असणे आणि तो आत मुरणे यांत अंतर असते. मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक कॉरिगन यांनी हे अंतर पायऱ्यापायऱ्यांनी दाखवले आहे. लोक काय समजतात हे आधी माणसाला ठाऊक असते; मग ते बरोबरच आहे असे तो मानू लागतो; मग ते तो स्वतःला लावून घेतो; आणि त्यानंतर त्याची स्वतःबद्दलची किंमत व स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास ढासळतो. आपण याला आत्मकलंक म्हणू. प्रत्येक जण शेवटच्या पायरीपर्यंत जातोच असे नाही. लोक काय म्हणतात हे पूर्ण ठाऊक असूनही 'हे माझ्याबद्दल खरे नाही' असे म्हणणारी माणसे असतात, आणि अन्यायाचा राग येऊन अधिक ठाम झालेलीही असतात. तुमचे पत्र मात्र शेवटच्या पायरीवरून लिहिलेले आहे. तुम्ही भाऊ आहात, एक काम उत्तम येत असलेले माणूस आहात (नाहीतर जुन्या सहकाऱ्याला इतक्या वर्षांनी तुमची आठवण झाली नसती), चौदा महिने रोज एक अवघड गोष्ट करणारे रुग्ण आहात. पण या सगळ्या ओळखी तुमच्या लेखी गौण ठरल्या आहेत आणि एकच ओळख 'आतली' म्हणून उरली आहे. आत्मकलंक माणसाच्या स्वत्वाचे नुकसान करतो तो असा. तो वाईट गोष्टींची भर घालतोच, शिवाय बाकीच्या खऱ्या गोष्टींना साक्ष देण्याचा हक्कच नाकारतो.

यातून जी निष्क्रियता येते तिलाही कॉरिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नाव दिले: 'प्रयत्न तरी कशाला' परिणाम. माझ्यासारख्याने नोकरी मागायचीच कशाला, माझ्यासारख्याला ती झेपणार आहे का, या दोन प्रश्नांत माणूस अडकतो आणि संधी हातची जाऊ देतो. दोन महिने अनुत्तरित पडलेला निरोप हे आळसाचे किंवा कृतघ्नपणाचे लक्षण आहे असे तुम्ही समजत असाल, तर तसे समजू नका.

येथे एक भेद करणे फार महत्त्वाचे आहे, आणि तो नीट कळला तर तुमची भीती बरीच कमी होईल असे मला वाटते. 'मी बहिणीचे पैसे खोटे बोलून घेतले, ते वाईट केले' ही एक भावना आहे आणि 'मी मुळातच वाईट आहे' ही दुसरी. जून टँगनी या मानसशास्त्रज्ञांनी या दोहोंमधल्या फरकावर दीर्घकाळ संशोधन केले आहे. पहिलीला आपण पश्चात्ताप म्हणू, दुसरीला लाज. पश्चात्ताप एका कृत्याकडे बोट दाखवतो, आणि कृत्याबद्दल काहीतरी करता येते: कबुली देता येते, पैसे परत करता येतात, पुन्हा तसे न करण्याची व्यवस्था लावता येते. लाज अख्ख्या माणसाकडे बोट दाखवते, आणि अख्खा माणूस परत करता येत नाही, दुरुस्त करता येत नाही. त्याला फक्त लपवता येते. तुम्ही खिसे उलटे करून दाखवता तेव्हा नेमके काय घडते, ते पाहा. ज्या पैशांबद्दल खरोखर बोलायला हवे ते विषयातच येत नाहीत, आणि जी वस्तू तुम्ही घेतलेलीच नाही तिच्याबद्दल तुम्ही स्वतःची झडती देता. पश्चात्तापाचे काम तसेच राहून जाते आणि लाज मात्र रोज तिची वसुली करून घेते. समुपदेशकांनी 'माफ करा' म्हटल्यावर तुम्ही दचकलात, कारण या दोन्ही भावना तुमच्या मनात एकत्र बांधल्या गेल्या आहेत आणि एक सोडली की दुसरीही जाईल असे तुम्हाला वाटते. पश्चात्ताप तुमच्याकडे राहू द्या. तो तुम्हाला लागणार आहे.

लाज घसरण्यापासून वाचवते का, हा प्रश्न संशोधकांनीही तपासला आहे. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील डॅनियल रँडल्स आणि जेसिका ट्रेसी यांनी नुकतीच दारू सोडलेल्या माणसांना त्यांच्या पिण्याशी निगडित वाईट अनुभवाबद्दल बोलायला सांगितले आणि बोलतानाची त्यांची देहबोली चित्रित केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, ज्यांच्या देहबोलीत लाज अधिक दिसत होती, म्हणजे खांदे आक्रसलेले आणि छाती आत गेलेली होती, तीच माणसे पुढच्या काळात पुन्हा पिऊ लागण्याची शक्यता अधिक निघाली, आणि जी पुन्हा प्यायली त्यांच्यातही अधिक लाजलेल्यांनी अधिक दारू घेतली. तुमचा पदार्थ वेगळा आहे, परंतु लाजेचे काम फारसे वेगळे असेल असे मानायला मला कारण दिसत नाही. लाज ही असह्य भावना आहे, आणि असह्य भावना काही तासांपुरती नाहीशी करण्याचा एक उपाय तुमच्या मेंदूने नऊ वर्षे घोकलेला आहे.

त्याहून गंभीर प्रश्न स्लिप झाल्यानंतरच्या, म्हणजे एखाद्या वेळी पुन्हा नशा घडून गेल्यानंतरच्या तासांचा आहे. ॲलन मार्लॅट आणि ज्युडिथ गॉर्डन यांनी १९८५ मध्ये सविस्तर दाखवून दिले की एका स्लिपचे पूर्ण रिलॅप्समध्ये, म्हणजे पुन्हा व्यसनात परतण्यात, रूपांतर होणे हे बरेचसे माणूस त्या स्लिपचे कारण कशात शोधतो यावर अवलंबून असते. 'त्या दिवशी त्या माणसाला भेटायला नको होते' असे म्हणणारा पुढच्या वेळी तो रस्ता टाळू शकतो. 'मी आहेच असा' असे म्हणणाऱ्याला टाळण्यासारखे काही उरत नाही, मग थांबायचे तरी कशासाठी? 'आतून मी गर्दुल्लाच' हे वाक्य तुम्ही शुद्धीवर असताना तयार करून ठेवले आहे, आणि नको तो दिवस उगवलाच तर तेच पहिले ओठांवर येईल. त्यात आणखी एक धोका आहे. लाजलेला माणूस दार लावून, एकटा, कोणाला न सांगता नशा करतो. चौदा महिन्यांच्या खंडानंतर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, पूर्वी पचत असलेले प्रमाण आता श्वास थांबवू शकते, आणि बंद दाराआड मदतीला कोणी नसते. म्हणून नॅलॉक्सोन, म्हणजे हेरॉइनसारख्या पदार्थाच्या अतिमात्रेचा परिणाम तात्पुरता उलटवणारे औषध, घरात ठेवण्याबद्दल आणि ते कसे द्यायचे हे बहिणीला शिकवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. अशी तयारी करणे म्हणजे हार गृहीत धरणे आहे असे वाटू देऊ नका.

लोकांमधल्या वावराबद्दल तुम्ही थोडेच लिहिले आहे, तरी मला तो भाग महत्त्वाचा वाटतो. लिंक यांच्या मांडणीत शिक्का बसलेल्या माणसाचे दोन ठळक बचाव येतात: गुपित राखणे आणि माणसे टाळणे. दोन्हींमुळे त्या क्षणी सुटल्यासारखे वाटते, आणि दोन्हींमुळे माणसाचा गोतावळा आटत जातो. शेवटी ज्यांच्याकडे पाहून 'मी बदललो आहे' असे कळावे, ती माणसेच उरत नाहीत. शिवाय नकाराची खात्री बाळगून समोर गेलेला माणूस समोरच्याच्या प्रत्येक हालचालीत नकार वाचू लागतो. रॉबर्ट क्लेक आणि ॲन्जेलो स्ट्रेन्टा यांनी १९८० मध्ये केलेला एक प्रयोग येथे आठवतो. सहभागी व्यक्तींच्या चेहऱ्यावर रंगाने व्रण काढला, तो त्यांना आरशात दाखवला, आणि मग काहीतरी लावण्याच्या निमित्ताने त्यांच्या नकळत तो पुसून टाकला. नंतर अनोळखी माणसाशी बोलून आल्यावर, समोरचा आपल्याशी अवघडून वागला असे त्यांनी सांगितले, जरी त्या माणसाने कोणताही व्रण पाहिलेला नव्हता. याचा अर्थ तुम्हाला येणारे अनुभव काल्पनिक आहेत असा मुळीच घेऊ नका. भेदभाव प्रत्यक्षात होतो, आणि तो शिकलेल्या लोकांकडूनही होतो: जॉन केली आणि कॅसॅन्ड्रा वेस्टरहॉफ यांच्या २०१० मधील अभ्यासात, पाचशेहून अधिक मानसोपचार व्यावसायिकांना एकाच रुग्णाचे वर्णन दोन वेगवेगळ्या शब्दांत वाचायला दिले, तेव्हा ज्यांच्या कागदावर दूषण देणारा शब्द होता त्यांना तो रुग्ण अधिक दोषी व शिक्षेस पात्र वाटला. अडचण अशी की आत्मकलंक खरा नकार आणि अपेक्षेतला नकार यांत फरकच करू देत नाही, आणि माणूस दोन्हींची किंमत मोजत राहतो. तुमची बहीण पैशांबद्दल बोलत नाही, हे तुम्ही मनातल्या मनात आरोपपत्र म्हणून वाचले आहे. ती तुम्हाला दुखवायला घाबरत असेल, किंवा स्वतः दमली असेल, किंवा विषय कसा काढावा हे तिला कळत नसेल. विचारल्याशिवाय हे कळणार नाही.

म्हणून तिच्यापासून सुरुवात करा. एखादी वस्तू हरवलेली नसताना, शांत वेळी, तिला सांगा की किती पैसे घेतले होते, ते कसे घेतले होते, आणि आता तुम्ही दरमहा किती परत करू शकता. रक्कम अगदी लहान असली तरी चालेल, फक्त ती पाळता येईल अशी असू द्या. ती 'राहू दे' म्हणाली, तरी हिशेब लिहून ठेवा आणि देत राहा. तिला राग असेल तर तो ऐकून घ्या. त्यावर लगेच स्वतःला शिव्या घालू नका, कारण तुम्ही तसे केलेत की ती तुमची समजूत घालायला लागेल आणि तिचा राग तिथेच अडेल. त्याच बैठकीत खिशांबद्दलही बोला: यापुढे काही हरवले आणि तुझ्या मनात शंका आली तर मला सरळ विचार, मी खरे सांगेन, पण विचारल्याशिवाय झडती देणार नाही. पहिल्या काही वेळा हे पाळताना तुमचे हात खिशाकडे जातील. जाऊ द्यात, पण खिसे उलटे करू नका.

समुपदेशकांच्या सल्ल्याशी मी असहमत नाही, पण त्याचा क्रम तुमच्यासाठी उलटा असावा असे मला वाटते. आधी स्वतःला माफ करून मग जगायला लागायचे, असे ठरवलेत तर वाट पाहण्यातच वर्षे जातील. जेसन लुओमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १३३ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात, निवासी उपचारादरम्यान काही रुग्णांना लाजेवर लक्ष देणारा एक छोटा गट-उपचार दिला. त्यात लाजेचे विचार खोडून काढण्यावर भर नव्हता. ते विचार मनात आहेत हे ओळखून, त्यांच्याशी भांडत न बसता, स्वतःला मोलाच्या वाटणाऱ्या गोष्टींकडे पावले टाकायची, असा तो स्वीकारावर आधारित उपचार होता. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांची लाज चटकन उतरली, पण ती सुधारणा नंतर टिकली नाही. हा गट-उपचार घेतलेल्यांची लाज हळूहळू उतरली, आणि पुढच्या महिन्यांत त्यांचा नशेचा वापरही कमी राहिला. अशा पद्धतीने काम करता येईल का, असे समुपदेशकांना विचारा. 'मी गर्दुल्ला आहे' हा विचार येऊ नये म्हणून तुम्ही झटायची गरज नाही. तो आला असतानाही निरोप लिहिता येतो.

व्यसनातून सावरणाऱ्यांच्या मीटिंगला तुम्ही जाता की नाही हे पत्रात नाही. जात नसाल तर जाऊन पाहा. परस्पर मदत गटांत माणसे उभी राहून 'मी व्यसनी आहे' असे सांगतात, आणि तुम्हाला वाटेल की हा तोच शिक्का आहे. तसा अनुभव काहींना येतो, आणि त्यांनी तसे न बोलणेच बरे. पण बहुतेक वेळा तेच वाक्य चाळीस माणसांत, मान डोलावणाऱ्यांसमोर उच्चारले की त्याचा परिणाम रात्री एकट्याने मनात घोकण्यापेक्षा फार वेगळा होतो. तिथे ते ऐकणारे प्रत्येक जण त्यातून गेलेले असते, आणि काही जण पाच-दहा वर्षे क्लीन राहून तुमच्या समोर बसलेले असतात. औषधाला नावे ठेवणारा गट भेटला, तर तो सोडून दुसरा शोधा.

राहिला सहकारी. त्याला या आठवड्यात उत्तर पाठवा, आणि उशिराबद्दल लांबलचक माफी मागू नका. 'निरोपाबद्दल आभारी आहे. मधली काही वर्षे प्रकृतीच्या कारणाने कामापासून दूर होतो, आता बरा आहे आणि काम करायला तयार आहे. ती जागा अजून असेल तर बोलायला आवडेल.' एवढे पुरे. हे खोटे नाही, आणि तुमचा पूर्ण इतिहास ऐकण्याचा हक्क पहिल्याच निरोपात कोणालाही पोचत नाही. किती सांगायचे, कोणाला आणि कधी, हे तुम्ही ठरवायचे आहे; ओळख वाढल्यावर, त्या माणसाने दुसऱ्यांची गुपिते कशी सांभाळली आहेत ते पाहून, थोडे थोडे सांगता येईल. कामाच्या वेळा डॉक्टरांच्या भेटींच्या आड येत असतील, तर तेवढ्यापुरते आधी स्पष्ट करून घ्या. त्याच्याकडून उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर ती संध्याकाळ एकट्याने काढू नका. बहिणीला सांगा, मीटिंगला जा, आणि दुसऱ्या दिवशी आणखी एका ठिकाणी अर्ज करा.